दुसऱ्यांना पुढे पाठवणारे काका

घाटकोपरच्या दवाखान्यात मी हाताच्या खरजेसाठी बसले होते. शेजारच्या काकांच्या गालावर जांभळट गाठ होती.

"कातडीचा कॅन्सर. क्वचितच कोणाला होतो, पण झपाट्याने पसरतो म्हणे. आज ऑपरेशनची तारीख घ्यायचीय," ते हसून म्हणाले.

नंबर आला की काका उठायचे आणि कण्हणाऱ्या कोणाला तरी आत पाठवायचे. असं तीनदा झालं.

"माझं दुखत नाही हो. ज्याचं दुखतंय त्याने आधी जावं."

डॉक्टर उठायची वेळ झाली. मी चारचौघांत कधी बोलत नाही, पण माझं डोकंच फिरलं.

"काका, ती गाठ थांबणारेय का तुमच्यासाठी? उठा आधी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका उठले. दारातून वळून त्यांनी रांगेला हात जोडले.

"माफ करा हं, जरा पुढे जातो."

नंबर त्यांचाच होता.