आत्याच्या मेंढ्या आणि माझे जिवाणू

आमच्या वस्तीखालच्या नाल्याला फेस यायला लागला तेव्हा मी शाळेत होते. वरच्या अंगाच्या रंगाच्या कारखान्याचं पाणी कधी जांभळं, कधी काळं वाहायचं. ते पिऊन आत्याचा कळप हळूहळू संपला. माझे वडील गेल्यावर त्याच कळपावर तिनं आमचं घर चालवलेलं. मग ती शहरात, शहागंजात, बांधकामावर घमेली उचलायला जाऊ लागली आणि त्या मजुरीवर मी बी.एस्सी. झाले. घराण्यात पहिली. हे मी आजही मान ताठ करून सांगते.

गेल्या महिन्यात आत्या गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता...

बी.एस्सी. झाल्यावर मला नोकरी लागली ती सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात. टाकीत जिवाणू वाढवायचे, त्यांना हवा द्यायची, आणि कारखान्यांचं विष आधी थोडं, मग जास्त असं त्यांच्या अंगवळणी पाडायचं. ते विष खातात, पाणी निवळतं आणि मगच आमच्या नाल्यात सुटतं. आत्या ऐकून खो खो हसली.

"एवढं शिकून शेवटी राखणच करायलीस व्हय गं? आन् ती बी न दिसणाऱ्या किड्यांची!"

"हस तू. पण या नाल्यावर जनावरं परत पाणी पितील, आत्या."

"कारखानावाले बी असंच म्हनत व्हते."

तिनं पुन्हा थोड्या मेंढ्या घेतल्या होत्या. सुजल्या गुडघ्यांनी ती त्यांना नाला ओलांडून लांबच्या हापशावर न्यायची. मधेच कुठल्याशा कारखान्यानं सांडपाण्यात ॲसिड सोडलं आणि टाकीतले जिवाणू मेले. "बघ," एवढंच ती म्हणाली. आम्ही दुसऱ्या केंद्रातला जिवाणूंचा गाळ आणला, शेण-गूळ कालवून घातला, पुन्हा पहिल्यापासून लागलो.

यंदाच्या उन्हाळ्यात हापसा आटला. आत्या मेंढ्या घेऊन नाल्यावर आली. तपासणीत पाणी चांगलं आलं होतं. तिनं ओंजळ भरून हुंगली. मेंढ्या काठावर थबकल्या. आमच्यात जनावर पाणी पिताना शीळ घालतात, मग ते निवांत पितं. बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणून लोक तिला नावं ठेवायचे, ती घालायचीच. पण नाला नासल्यापासून या काठावर तिची शीळ कुणी ऐकली नव्हती.

"घाल की आता," मी म्हणाले.

"तुझ्या शब्दावर घालते. एखादी दगावली तर तुलाच मेंढरांच्या वाडग्यात कोंडीन!"

आणि तिनं शीळ घातली... मेंढ्यांनी माना खाली घातल्या.

आता त्यांना मी पाण्यावर नेते. माझी शीळ म्हणजे नुसती फुंकर, तरी बिचाऱ्या पितात. या पाण्यानं आत्याची एकही मेंढी दगावली नाही. आणि हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.