काकांच्या फोटोखालची बाटली

माझे काका शेतकी खात्यातून निवृत्त झाले आणि धामणगाव बढ्याला घरी येऊन बसले. बसले म्हणायचं तेवढंच. चहा व्हायच्या आत ओट्यावर माणसं जमायची, कोणाच्या हातात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, पान, कोणाच्या खिशात किडकं बोंड. काका बोंड नखानं उकलत, आतली गुलाबी अळी दाखवत आणि मग मनसोक्त शिव्या घालत. त्या वर्षांत बीटी बियाण्याशिवाय दुसरं काही कोणी पेरतच नव्हतं. बोंडअळी लागणार नाही असं पिशवीवर छापलेलं होतं, पण अळीनं ते वाचलं नव्हतं.

काकांना धास्ती होती ती अळीपेक्षा फवारणीची. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, वारा बंद, अंगाची लाहीलाही, आणि अळी मरत नाही म्हणून चार औषधं एकाच ड्रमात कालवायची रीत पडलेली. फवारा झाडावरून उलटा तोंडावर यायचा. धडधाकट माणसं तासात चक्कर येऊन पडत, आणि त्यातली काही उठली नाहीत. ओट्यावरचं काकांचं सगळं बोलणं शेवटी एकाच गोष्टीवर येई, "दोन औषधं कालवू नका, आन् बिना लेबलाची बाटली घरात आनू नका."

हे सांगणं चार गावांपलीकडे जावं म्हणून मी त्यांना वेबसाइट करून दिली. मलकापुरात माझा तोच धंदा होता. बियाण्याचं दुकान असो, मंगल कार्यालय असो की कापसाचं जिनिंग, सगळ्यांना मी एकाच तयार प्रणालीवर साइट बांधून देई. सगळं जग तीच वापरत होतं. ती फुकट मिळते, मराठीत लिहिता येतं, आणि जे हवं त्याचा सुटा भाग कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. त्याला प्लगइन म्हणतात. फोटोला एक, फॉर्मला एक, म्हाताऱ्या माणसांना अक्षरं मोठी दिसावीत म्हणून आणखी एक. हे भाग करतं कोण, असं मला गिऱ्हाइकांपैकी कोणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? कोणीतरी, कुठंतरी.

काकांची अट एकच, प्रत्येक पानावर त्यांचा फोटो पाहिजे. मी चिडवलं, "काका, इलेक्शनला उभे राहता का?"

"तोंड पाह्यल्याबिगर मानूस इश्वास ठेवत नाई, माय," ते म्हणाले. "कागदावर कोनी बी काई बी लिवते."

त्यांचं म्हणणं खरं होतं. लोक फोटो पाहून ओळखत, मजकूर वाचत, एकमेकांना पाठवत. काका दोन बोटांनी टाइप करायला शिकले आणि रोज काहीतरी लिहू लागले. न उमलणारी, मिटून बसलेली कपाशीची फुलं दिसली की समजावं आत अळी आहे, असलं साधं साधं. तेवढं मात्र त्या प्रणालीला दिलंच पाहिजे, की सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला तिनं लिहितं केलं.

बाकी तिची तऱ्हा नव्या जावयासारखी, रोज काहीतरी मागणं. आज या प्लगइनला अपडेट पाहिजे, उद्या त्याला. अपडेट करावं तर दुसरंच काही मोडायचं, न करावं तर चोराला शिरायला भोक राहायचं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. काकांचा फोन यायचा, "इंजिनेर बाई, माहं तोंड आज वाकडं दिसून राह्यलं." मी नीट करून द्यायची. एकही अपडेट मी कधी चुकवलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

मग एका दुपारी संग्रामपूरकडून कोणा अनोळखी माणसाचा, साइटवरचा नंबर पाहून, काकांना फोन आला. "काका, ते बाटलीचं पार्सल कवा येते?"

"कायची बाटली? मी इकत नाई रे बाबू काई," असं म्हणून काकांनी फोन ठेवला. मला हसत हसत सांगितलं. मी माझ्या लॅपटॉपवर साइट उघडून पाहिली, सगळं जसंच्या तसं होतं. रॉंग नंबर असेल म्हटलं. पण आठवड्यानं पुन्हा तसाच फोन आला, दुसऱ्याच गावाहून. मग आणखी एक. काका हसायचे थांबले. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर पान न् पान पाहिलं, मी पाहिलं, कुठं काही नाही. साइट मात्र उघडायला फार वेळ घेऊ लागली होती, जणू दाराशी येण्याआधी कोणी आतलं काही आवरतंय. मी पासवर्ड बदलले, सर्व्हर बदलला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

जवळच्याच खेड्यातला एक शेतकरी फवारताना पडला, ही बातमी काकूनं सांगितली. काका त्याच्या बापाच्या वेळेपासून त्या घराला ओळखत होते. काका आणि मी घाट चढून बुलढाण्याला दवाखान्यात गेलो. तो खाटेवर होता. डोळे उघडे, पण कोणाला ओळखत नव्हता, तोंडातून सारखी लाळ, आणि झटके देतो म्हणून हात पट्ट्यांनी बांधलेले. त्याची बायको खाली भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक रिकामी बाटली. डॉक्टर तिला पुन्हा पुन्हा विचारत होते की आत कोणतं औषध होतं, आणि बाटलीवर लेबल नव्हतं.

काकांना पाहून ती उठली. "तुमी सांगतलं म्हून मागोली न काका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती नुसती विचारत होती. तिनं नवऱ्याचा मोबाइल पुढं केला. "हा फोटो तुमचाच हाये न?"

फोटो काकांचाच होता, आमच्या साइटवरचा. खाली, जिथं काकांचा मजकूर असायचा तिथं, बाटलीचं चित्र होतं, बोंडअळीचं हमखास औषध, घरपोच, आणि एक नंबर. मी माझ्या मोबाइलवर तेच पान उघडलं. तोच फोटो, आणि खाली काकांनी लिहिलेलं, बिना लेबलाची बाटली घरात आणू नका. दोन्ही मोबाइल माझ्या दोन हातांत होते. आम्ही दोघं त्या साइटचे मालक म्हणून कायम लॉगिन केलेले असायचो, आणि आम्हाला काही दिसू नये अशी सोय करूनच कोणी आत शिरलं होतं. दिसायचं ते फक्त बाहेरून मोबाइलवर वाचायला येणाऱ्याला.

मला वाटलं, काका आता सांगतील की हे मी लिहिलेलं नाही. त्यांनी बाईकडं पाहिलं, खाटेकडं पाहिलं. "हाव," ते म्हणाले, "माहाच फोटो हाये." आणि ते तिच्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसले.

मलकापूरच्या माझ्या दुकानात येऊन मी एकेक भाग उकलत बसले. अक्षरं मोठी करणाऱ्या त्या प्लगइनमध्ये ते सापडलं. ज्यानं तो भाग आधी केला होता तो कंटाळला असावा, त्यानं तो दुसऱ्या कोणाला देऊन टाकला होता, आणि त्या दुसऱ्यानं अपडेटमधूनच ही घाण पाठवली होती. म्हणजे जी काळजी मी न चुकता घेत होते, त्या काळजीतूनच ती आत आली. मी ती काढली. दुसऱ्या दिवशी ती परत होती. पुन्हा काढली, पुन्हा आली. मग बाकीच्यांच्या साइट उघडल्या. बियाण्याचं दुकान, मंगल कार्यालय, जिनिंग, सगळीकडं तोच भाग, सगळीकडं आत तेच बसलेलं. सगळ्या शिवारात एकच बियाणं पेरलं की अळीला कष्टच पडत नाहीत, हे काका ओट्यावर घसा फोडून सांगत, आणि मी ते कितीदा ऐकलं होतं.

राग इतका आला होता की कोणाला तरी धरून हलवावंसं वाटत होतं. बियाणं फसलं तर माणूस दुकानदाराच्या गल्ल्यावर पिशवी आपटून येतो. मी कुठं जाऊन आपटणार? ज्याचं फुकट घेतलं त्याचं दारच मला ठाऊक नव्हतं. पोलिसांत सांगितलं, तर जाहिरातीतला तो नंबर तोवर बंद झालेला.

तो शेतकरी वाचला. पण घरी आला तो नजर घेऊन नाही, समोरचं त्याला गढूळ पाण्यातून पाहावं तसं दिसायचं. काकांनी मला एवढंच सांगितलं, "बंद कर ते." मी साइट बंद केली. काकांच्या फोटोखालच्या बाटलीचं चित्र मात्र लोकांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसलं होतं, ते या गटातून त्या गटात फिरतच राहिलं. फोन येतच राहिले. काकांनी फोन उचलायचा सोडला, मग ओट्यावर बसायचं सोडलं. माणसं आली की काकू दारातूनच सांगायची, घरी नाहीत. आत पलंगावर बसून ते ऐकत असत.

पुढच्या हंगामात, पऱ्हाटी फुलावर असताना, मी तिथं गेले होते तेव्हा तो शेतकरी आला. त्याचा आवाज ऐकून काका बाहेर आले, त्याला नाही म्हणवलं नसावं. त्यानं खिशातून एक मिटलेलं फूल काढून त्यांच्यापुढं धरलं.

"पाहा न काका, यंदा बी तसंच दिसून राह्यलं. काय मारू?"

काकांनी हात पुढं केला नाही. "मले इचारू नको भाऊ."

"काऊन? म्या तुमाले काई बोललो का? बायको बी म्हनते, काकाची काई चुकी नाई."

"माह्या नावानं कोन काय सांगून राह्यलं, ते मलेच दिसत नाई," काका म्हणाले. "मंग तुले कायच्या भरवशावर सांगू?"

त्याला ते पटलं नव्हतं, पण मोठ्या माणसाला दोनदा विचारायचं नाही, म्हणून त्यानं फूल परत खिशात ठेवलं. पायरी चाचपत खाली उतरला, मोबाइल काढला, अधू डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि चालता चालता औषध शोधू लागला.