लळा न लागलेला खेळ

त्या रविवारी राजदीपच्या पायाला नुसती भिंगरी लागली होती. हिंदी मुलखातल्या त्या पोलाद कारखान्याच्या गावात, कोहका वस्तीतल्या घरात सकाळपासून खोलीतून अंगणात आणि अंगणातून खोलीत त्याच्या चकरा चालू. सत्यशीलानं, म्हणजे त्याच्या आईनं, गरम करून दिलेला चहा पुन्हा निवला. शेवटी ती वैतागून म्हणाली की फिरायचंच असेल तर गिरणीतून दळण तरी घेऊन ये.

दळण कसलं आणतो! पोट्ट्याच्या जिवाला घोर लागला होता. त्यानं एक व्हिडिओ गेम बनवला होता, 'झेप' नावाचा. या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत, खड्डे चुकवत शेवटाला पोचायचं, अशा जातीचा खेळ. चांगली नोकरी सोडून, रक्ताचं पाणी करून बनवला. आणि गाजला की! बंगळुरूत बक्षीस मिळालं. जाणकारांनी लिहिलं की इतकी अचूक उडी आजवर कोणाला साधली नव्हती. पण वर्ष उलटलं तरी त्या गेमचा वेडा म्हणावा असा एक माणूस सापडेना. लोक खेळत, पाच तारे देत आणि फोनमधून काढून टाकत. पाहुणा 'भाजी छान होती' म्हणून हात धुतो आणि पुन्हा त्या गल्लीत फिरकत नाही, तसं.

आता गेम बाजारात आणणाऱ्या हैदराबादच्या कंपनीनंही तेच विचारलं होतं. कौतुक झालं, पण दुसऱ्या भागाची वाट कोणीच का पाहत नाही? सोमवारपर्यंत कारण सांगा, पटलं तर दुसरा भाग काढू, नाहीतर राम राम. राम राम झाला की परत कोणाच्या तरी ऑफिसात बसून किराणा दुकानांचे ॲप बनवायचे.

दुपारी त्यानं स्कूटर काढली आणि सिव्हिक सेंटर गाठलं. तिथं कॉलेजच्या पोरांचा गेमवाल्यांचा मेळा होता. जो तो आपल्या लाडक्या पात्राचं सोंग घेऊन आलेला. राजदीप त्या गर्दीत आपल्या 'झेप'चा गडी शोधत फिरला. राखाडी कपडे, डोक्यावर हेल्मेट, तोंड झाकलेलं. एक तरी असेल ना? एकही नव्हता. बोकड मात्र जिकडे तिकडे.

हा बोकड एका भंगार गेमचा. भंगार म्हणजे भंगारच. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते, बोकड भिंतीत अडकतो, जाणकारांनी त्या गेमची सालटी काढली होती. हुडको वसाहतीतली शिल्पा, इंजिनिअरिंगची पोरगी, पुठ्ठ्याची शिंगं लावून, जुन्या शालीचं अंग शिवून बोकड झाली होती. तो बोकड उंचीला घाबरतो आणि प्रत्येक उडीआधी मावशीला हाक मारतो. ती मावशी जिवंत आहे की मेली, यावर शिल्पाचं तिच्या मैत्रिणीशी तावातावानं भांडण चाललं होतं. गेममध्ये मावशी एकदाही दिसत नाही, बरं का.

राजदीपनं आपली ओळख सांगितली. पोरगी खूश झाली, हात मिळवला. मग मान तिरपी करून म्हणाली, "भैया, आपका गेम एकदम बढ़िया है, पूरा खेला मैंने. पर वो था कौन?"

राजदीप स्कूटरवर बसला. घराकडे वळायच्या ऐवजी गाडी सेक्टर २ कडे गेली, जिथल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तो लहानाचा मोठा झाला. तिथं आता दुसऱ्याच घरचे कपडे वाळत होते. तो गाडी बंद न करताच उभा राहिला.

कारण 'झेप'मधला गडी आधी असा नव्हता. पहिल्यांदा राजदीपनं त्याच्या जागी आपला बापच चितारला होता. कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर, आयुष्य घालवलेले जानराव. एक खांदा कलता, गळ्यात दुपट्टा, हातात डबा. खड्डा आला की थांबायचे, 'चाल बे जानराव, भोंगा वाजला' असं पुटपुटायचे आणि मग उडी. गेम कंपनीला पाठवायच्या आठवड्यात राजदीपनं हे सगळं काढलं. दुपट्टा काढला, डबा काढला, बोली काढली, तोंडावर हेल्मेट चढवलं. आता कसं स्वच्छ दिसतं, असं स्वतःलाच सांगितलं.

स्वच्छ कसलं? सवय होती ती. याच क्वार्टरच्या दारात जानराव त्याला बजावायचे की बाहेर नाव सांग, सेक्टर सांग, बस. आडनाव सांगू नको, घरचं बोलणं बोलू नको. आडनाव कळलं की पुढचा प्रश्न येतो, 'मतलब, कौन?' आणि मग पाण्याचा ग्लास बदलतो. शाळेत, कॉलेजात, नोकरीत राजदीप तसाच वागला, आणि गेममधल्या माणसालाही त्यानं तसंच घराबाहेर काढलं. मग लोकांनी जीव लावावा तरी कोणाला? राग आला त्याला. बापाचा आला, स्वतःचा त्याहून जास्त.

घरी आला तेव्हा जानराव बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते. बक्षीस मिळालं तेव्हा त्यांनीही गेम पाहिला होता आणि जगासारखंच 'छान आहे' म्हणून चष्मा काढून ठेवला होता. राजदीपनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गडी बदलण्याआधीचा जुना गेम लावला.

जानराव बघत राहिले. पडद्यावरचा माणूस खांदा कलवून चालला, खड्ड्यापाशी थांबला, पुटपुटला. सत्यशीला पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली की डबासुद्धा तोच आहे, झाकणाला पोचा पडलेला. जानरावांनी बटण दाबलं आणि थेट खड्ड्यात गेले. पुन्हा दाबलं, पुन्हा खड्ड्यात.

"हे काहून काढून टाकलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

राजदीपचा आवाज चढला. "तुमीच तं सांगत होते, बाबा. घरचं बाहेर काढू नको म्हणून."

जानरावांची बोटं थांबली.

"तुले तरास होऊ नये म्हणून सांगतलं होतं, बाबू," ते म्हणाले. "मले पुसून टाक, असं नोतं सांगतलं."

राजदीपला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. मग तिथंच जमिनीवर बसून त्यानं फोनवरून कंपनीला लिहिलं की कारण सापडलं आहे, आमच्या गेममध्ये उडी होती, उडी मारणारा कोणी नव्हता, आता तो पाठवतो आहे. कंपनी हो म्हणेल की नाही, कोण जाणे. त्याच्या जिवाची तगमग काही थांबली नाही.

पाठवण्याआधी माणसाला नाव द्यायचं राहिलं होतं. लॅपटॉप मागून घेऊन राजदीपनं 'जानराव' लिहिलं. मग आजाचं नाव, 'कवडू'. तिथं बोट अडलं. एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका दिवसात सुटते?

जानराव चष्म्यावरून बघत होते. "आडनाव टाक," ते म्हणाले.

राजदीपनं 'खोब्रागडे' लिहिलं. जानरावांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत वाचला आणि लॅपटॉप परत आपल्याकडे ओढला. सत्यशीलानं जेवायला हाक मारली, पानं वाढली, भाकर गार होऊन राहिली म्हणून ओरडली, तरी जानराव काही उठेनात. तो पहिला खड्डा त्यांना अजून पार करायचा होता.