जास्तीचा एक ‘च’

हसणार नाही म्हणा, मग सांगते. जाऊ द्या, हसालच तुम्ही!

मी इथे नागपूरला कॉलेजात भाषाशास्त्र शिकवते. स्वतःचा अर्थ असलेला भाषेतला लहानात लहान तुकडा म्हणजे रूपिम. ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, असली सगळी चिल्लर! पोरं वर्गात पेंगतात आणि मी ओरडते, "अरे, एका ‘च’पायी जमलेलं लग्न मोडू शकतं!" उदाहरणादाखल म्हणायची हो. खरं करून दाखवायचं कुठे ठरलं होतं?

तर माझा भाचा प्रसाद. त्याच्यासाठी उमरेडची मुलगी पाहून आलो. पोरगा इतका पागल झाला, की परत येताना गाडीत एकटाच हसत होता. आता होकार कळवायचा. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्हीच लावा फोन. तुमचं मराठी चांगलं आहे."

झालं! मुलीच्या वडिलांचं तिकडे साड्यांचं दुकान. त्यांना फोन लावला, स्पीकर ऑन केला, आणि होकार कसा ठसठशीत वाटला पाहिजे म्हणून म्हटलं, "भाऊ, आम्हाला मुलगीच पसंत आहे!"

तिकडून लगेच प्रश्न आला.

"मुलगीच? म्हंजे आमी नाही आवडलो काय?"

"अहो, तसं नाही! तुम्ही पण चांगले आहात."

"पण?"

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पोह्याचं इचारा नं जी!"

"पोहेसुद्धा छान होते," मी घाईघाईनं म्हटलं.

"आइकलं का जी? सुद्धा म्हणून राहिल्या त्या!"

इथे तरी गप्प बसावं की नाही? पण नाही! मी आपली सावरायला गेले, "वहिनी चांगल्याच बोलक्या आहेत हो!"

फोन कट.

प्रसादचं तोंड बघवेना. "आत्या, काय बोलून राहिली वं तू? ‘पसंत आहे’, इतकंच तं बोलायचं होतं!" मला तर रडूच आलं. पोराचं जमत आलेलं लग्न, आणि मीच त्यात माती कालवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोटरसायकल काढली आणि एकट्यानंच उमरेड गाठलं. तिथे बसून पोहे चापले, प्लेट पुढे केली आणि म्हणाला, "काकू, अजून आहेत काय?" बस्स! काकू विरघळल्या, लग्न जमलं. भाषाशास्त्राचा एकही तास न करता!

मग साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, आवतण द्यायला मुलीचे वडील घरी आले. माझ्या भावाला हात जोडून म्हणाले, "दादा, तुमी तं याच!" वहिनींना म्हणाले, "ताई, तुमी याच!" मला वाटलं, चला, सगळं विसरले बिचारे. एक ‘च’ माझ्याही वाट्याला येणार! मी पदर सावरून पुढे झाले.

ते माझ्याकडे वळले. हात जोडले.

"आन् प्रोफेसर मॅडम, तुमी बी या."