वीतभर केबल

जेवणानंतर शलाका पाचच मिनिटं म्हणून टेबलावर डोकं टेकते. गालाखाली अहवालाचं पान आहे. चार वाजता तो सादर करायचाय आणि त्यातल्या एका वाक्यापायी तिला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही: कणशोधकाच्या चौदाव्या पट्टीची जोडणी तंत्रज्ञ चौगुले यांनी चुकवली.

डोळा लागतो न लागतो तोच ती कणांची टक्कर घडवणाऱ्या कोलायडरच्या बोगद्यात चालू लागते. बोगदा वळतो आणि तिला हे काम शिकवणाऱ्या निंबकर सरांची मिरजेची गच्ची येते. दोरीवर कपड्यांऐवजी केबली वाळतायत आणि सर त्या वितीनं मोजतायत. सर जाऊन आठ महिने झाले, हे तिला इथेही ठाऊक आहे.

"ये. काय म्हणतात तुझे केऑन कण?"

"हरवलेत, सर. चौदाव्या पट्टीवर सगळे पायऑनच दिसतात."

"दिसणारच. जड केऑन उशिरा पोचतो, हलका पायऑन आधी. तेवढ्यावरच तर आपण त्यांना ओळखतो. केबल वीतभर आखूड पडली, की सिग्नल लवकर पोचतो आणि केऑनही वेळेआधी हजर."

शलाका सरांच्या बोटांकडे बघते. सर हट्टी. टेपला हात लावायचे नाहीत. माझी वीत कधी चुकत नाही म्हणायचे. अर्धांगवायूनंतर त्यांची बोटं पुरती उघडेनाशी झाली, तेव्हाही, चौदाव्या पट्टीची केबल कापताना, वीतच. सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायची छाती कुणाचीच झाली नाही. तिचीही नाही.

"मग चौगुल्यांचं नाव का गं घातलंस?"

"तुमचं कसं घालू? पट्ट्यांची ती अख्खी भिंत तुमच्या हातची आहे."

"म्हणूनच घाल. त्या बिचाऱ्याला घरी पाठवतील. मला आता कोण काढून टाकतंय?" सर खो खो हसतात.

तिला रडू फुटतं. माणूस गेला तरी त्याचा धाक जात नाही आणि मायाही जात नाही. सर पट्ट्यांना ग्रॅफाइट फासून काळा झालेला हात तिच्या पानावर पसरतात.

"घे, मोजून बघ."

ती दचकून जागी होते. साडेतीन. पानावर दोन काळे ठसे आहेत, एक अंगठ्याचा, एक करंगळीचा. शलाका आपली वीत त्यावर ठेवते. सरांचा पंजा तिच्या दीडपट होता, तरी तिची करंगळी ठशाच्या बोटभर पुढे जाते.

ती चौगुल्यांचं नाव खोडते आणि सरांचं लिहिते. पान नव्यानं छापायला वेळ आहे, पण ती तेच पान घेऊन निघते.