खिशातली चपटी

रामदास खोब्रागडे माणूस बघायला सुरुवात करायचा ती पायांपासून. हडपसरच्या काचेच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो, तो भट्टीवर आणि मी हजेरीच्या टेबलावर. नवा साहेब आला की बाकीचे त्याच्या टायकडे बघत आणि रामदास बुटांकडे. जेवणाच्या सुट्टीत तो आधी साहेब होऊन चालून दाखवायचा आणि मग तोंड उघडायचा. "आवाज काय, पोपटालेही येते," म्हणायचा. "माणूस पायात राहते, श्याम." मूळचा भंडाऱ्याकडचा गडी. मी पडलो कसबा पेठेतला, आम्हाला शुद्ध बोलण्याचा फार माज. पण माझ्या शुद्ध बोलण्याला आजवर कोणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत.

चौदा एप्रिलला त्यांच्या वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम व्हायचा. गायक मंडळी चहाला गेली की मधला वेळ रामदासचा. कामगार पुढारी, बसचा कंडक्टर, रेशनवाला असे सगळे येऊन जायचे आणि शेवटी यायचा गोपाळकृष्ण. तो आला की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पोरं शिट्ट्या मारायची.

गोपाळकृष्ण कोण हे आता सांगावं लागतं, यातच काय ते आलं. एके काळी त्याचा सिनेमा लागला की थिएटरबाहेर पोलीस उभे करावे लागत. दिसायला फार देखणा होता असं नाही, पण चालायचा असा, की रस्ता त्याच्या बापाचा आहे. उजवा हात मोकळा झुलवत यायचा. मग व्हायचं ते झालं. पहिली बायको सोडून गेली, दुसरीला यानं सोडलं. एकदा दारूच्या नशेत गाडी थेट दुकानाच्या फळीवर घातली, वर दुकानदारालाच दम दिला. निर्माते टाळू लागले. पुढे व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि 'आता सुटली' असं त्यानं चारचौघांत सांगितलं. पुण्यात अशा वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. "सुटली म्हणे! कोणाकडून?" असं आम्हीच चौकात म्हटलेलं मला आठवतं.

रामदासचा मात्र तो देव होता. या शब्दाला रामदासनं हरकत घेतली असती, कारण देवबिव तो मानायचा नाही. पण तरुणपणी त्याच्यासारखे केस, त्याच्यासारख्या करकरणाऱ्या चपला, सगळं करून झालं होतं. ललितावहिनी म्हणायच्या, "लग्न माझ्याशी लागलं, संसार गोपाळकृष्णाशी चाललाय."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमचा कारखाना बंद झाला. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. इच्छा कोणाची हे विचारायचं नसतं. थोड्याच वर्षांत त्याच रस्त्याला काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. काच मात्र बाहेरून आणलेली. भट्टीवर उभी हयात घालवलेला रामदास त्या इमारतींकडे बघून म्हणायचा, "काच बरी हाय, पण माणसं आतून दिसत नाही जी."

हातात दुसरी कला नव्हती, म्हणून नकलांवर पोट आलं. मी रिकामाच होतो. त्याची टेप लावायला, माइक बघायला जाऊ लागलो. रामदासची मुलगी निकिता अशाच एका इमारतीत नोकरीला लागली आणि तिच्या ओळखीनं कंपन्यांचे वार्षिक समारंभ मिळू लागले. तिथली पोरं चांगली, पण त्यांना आमच्यातलं कोणीच माहीत नाही. पहिल्याच ठिकाणी रामदासनं जीव ओतून तरुण गोपाळकृष्ण केला. कार्यक्रमानंतर आयुष नावाचा एक पोरगा येऊन म्हणाला, "अंकल, मस्त होतं, बट हा कोण होता?" रामदास परतताना रिक्षात स्वतःच्या चपलांकडेच बघत होता.

त्यानंतर काही महिन्यांनी शहरात एका सत्कार समारंभाला गोपाळकृष्ण येणार असल्याचं कळलं. आम्ही दोघं गेलो, मागच्या खुर्च्यांवर बसलो. तो विंगेतून आला आणि रामदास पुढे वाकला. पाऊल उचललंच जात नव्हतं, जमिनीला चिकटल्यासारखं व्हायचं आणि मग एकदम चार-पाच छोटी पावलं तुरुतुरु पडायची. उजवा हात झुलणं सोडाच, कुर्त्याच्या खिशाशी घट्ट धरलेला. चेहरा कोरा. हार घालून घेताना तोल गेला आणि संयोजकाच्या अंगावर रेलला. सभागृहात खसखस पिकली. शेजारचा म्हणाला, "दुपारपासूनच लावलीय वाटतं." मीही हसलो. रामदास हसला नाही. तो पाय पाठ करत होता.

दोन आठवडे तो गच्चीवर चालत होता. पाय हुबेहूब जमले, पण हाताचा पेच सुटेना. तो हात खिशापाशी असा का धरलेला? नक्कल करणाऱ्याला कारण लागतं. कारणाशिवाय हात खोटा दिसतो. एका संध्याकाळी त्याला ते सापडलं आणि मला हाक मारून त्यानं करून दाखवलं. दबकत चालत आला, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून हळूच चपटी काढली. दारूची पाव बाटली हो, आपल्याकडे चपटीच म्हणतात. मी पोट धरून हसलो. खिशाशी धरलेला हात एका फटक्यात समजत होता.

पुढच्या समारंभात हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. गोपाळकृष्ण कोण हे माहीत असायची गरजच उरली नव्हती, दारुडा सगळ्यांना कळतो. मग गणपतीत मंडळं बोलवू लागली. गावातल्या केबल चॅनेलनं ती नक्कल चित्रित केली आणि दहा दिवस दाखवली. हडपसरात कोणी झोकांड्या खात आला की पोरं म्हणू लागली, "आला बघ गोपाळकृष्ण." पुढे कानावर आलं की एका मालिकेतून त्याला काढलं, सेटवर पिऊन येतो म्हणून. रामदासनं ते ऐकलं आणि म्हणाला, "मंग मी खोटं तं नाही दाखवलं." हे तो मला सांगत होता की स्वतःला, ते मी तेव्हा विचारलं नाही.

हे सगळं दोन वर्षं सुखानं चाललं. मग एका कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांनाही बोलावलं. कार्यक्रम झाला, आम्ही ताटं घेऊन उभे होतो. उभ्यानं जेवायची ही तऱ्हा मला कधीच मानवलेली नाही. तेवढ्यात एक बाई रामदाससमोर आल्या. डॉक्टर होत्या, मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या, मुलगा त्या कंपनीत होता.

"तुमच्या घरात कोणाला कंपवात आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. का बरं?"

"मग ही चाल कुठून उचललीत? पाऊल चिकटतं, हात झुलत नाही, चेहरा हलत नाही. माझ्याकडे रोज येतात असे पेशंट. दारुड्याची चाल अशी नसते. तो फाकून चालतो, हात सैल सोडतो." त्या थांबल्या. "आजारी माणसाची टिंगल करताय, हे माहीत नसेल म्हणून सांगते."

रामदासनं ताट खाली ठेवलं. ही नक्कल कोणाची ते सांगितलं. बाई एकदम मवाळ झाल्या. "नकलेवरून निदान करता येत नाही. पण त्यांनी कोणाला दाखवलंय का? नसेल तर लवकर दाखवायला सांगा. औषधानं पुष्कळ फरक पडतो. पडूनझडून काही होण्याआधी दाखवायला हवं." त्यांनी आपलं कार्ड दिलं.

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "उद्याच जाऊ त्यांच्याकडे."

"जाऊन काय सांगू? तुमची टवाळी करून पोट भरतो, त्याच्यातच हे समजलं म्हणून?"

"मग फोन कर."

"करतो."

केला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याच्यावर मनापासून चिडलो. एका माणसाला काय झालंय ते जगात बहुधा आम्हा दोघा-तिघांनाच ठाऊक होतं आणि तो गप्प बसला होता. ललितावहिनींनी सांगून बघितलं, मी भांडून बघितलं. मी एकटाच जातो म्हटलं, तर 'माझं मीच सांगीन' म्हणाला. गणपती होऊ दे, म्हणाला. मग दिवाळी होऊ दे, म्हणाला. खरं तर बिदागीसाठी तो अडला नव्हता. तोंड दाखवायची लाज त्याला अडवत होती, आणि एकेक दिवस जाईल तशी ती वाढतच चालली. आज गेलो तर विचारतील, कालच का नाही आलात? आपल्याकडे शेण खाल्लेलं कबूल करण्यापेक्षा माणसं ते पचवत बसणं पत्करतात.

पण पचत नव्हतं. समारंभाचं जेवण त्यानं सोडलं. गच्चीवर चालायचं बंद केलं. एका मंडळासमोर त्यानं चपटी काढलीच नाही, नुसताच चालत गेला. लोक ओरडले, "चपटी! चपटी!" तो पुन्हा एकदा नुसताच चालून आला. मग हात खिशात गेला आणि बाटली बाहेर आली. टाळ्या संपेनात. रामदास मंचावरून उतरला आणि मांडवामागे जाऊन ओकला. मला म्हणाला, "श्याम, मी नीच माणूस आहो." मी त्याला नाही म्हटलं नाही.

दिवाळीनंतर एकदाचे निघालो. गोपाळकृष्ण धायरीत थोरल्या बहिणीकडे राहत होता. सिंहगड रस्त्याची वाहतूक माणसाला पश्चात्तापासाठी भरपूर वेळ देते. रामदास बसच्या खिडकीशी बसून ओठ हलवत होता, बोलायचं ते घोकत होता. हातात डॉक्टरीण बाईंचं कार्ड घामेजून गेलं होतं.

दार बहिणीनंच उघडलं. मैनाताई, सत्तरीच्या, करड्या नजरेच्या, कानाला यंत्र. "आपण कोण? देणगी असेल तर आम्ही देत नाही." आम्ही चाहते आहोत असं मी मोठ्यानं सांगितलं. चाहता हा शब्द त्या घरात बऱ्याच दिवसांत ऐकला गेला नसावा. त्यांनी आत घेतलं.

गोपाळकृष्ण कॉटवर उशांना टेकून होता. पाय वजन लावून ताणलेला. दिवाळीच्या आधी मोरीत पडला आणि खुब्याचं हाड मोडलं, मैनाताई सांगू लागल्या. हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हातपाय हलवून बघितले आणि म्हणाले, यांना कंपवात आहे, चार वर्षांपासून तरी असणार, आतापर्यंत काय करत होतात?

रामदासच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. ते आता कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

"काय करत होतो!" मैनाताई म्हणाल्या. "हा पडला ना, तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास आला नाही, तर खिसे चाचपले. दोन वर्षं रोज खिसे बघत होते मी याचे. धुवायच्या कपड्यांचेसुद्धा. केबलवर याची नक्कल दाखवली होती ना, खिशातून बाटली काढतो ती. म्हटलं, सगळ्या गावाला दिसतेय आणि मलाच सापडत नाही, म्हणजे कुठेतरी लपवत असणार. हा म्हणायचा, ताई, घेत नाही गं. मी म्हणायची, गोपाळ, खोटं बोलायचं तर नीट बोल. सापडली कधीच नाही. पण मनातून जात नाही हो. आजसुद्धा जात नाही."

मी खाली फरशीकडे बघत राहिलो. गोपाळकृष्ण मात्र रामदासकडे बघत होता, डोळे न हलवता. ओठ हलले, पण ऐकू आलं नाही. रामदास कॉटजवळ गेला आणि वाकला. मीही मागे उभा राहिलो. ज्या आवाजावर एके काळी थिएटर दणाणायचं, तो आता श्वासाएवढा उरला होता.

"तुम्हीच ना ते, केबलवरचे?"

"हो जी."

"पाय बरोबर धरलेत. मलाही कळलं नव्हतं, मी असा चालतो." जरा दम घेऊन तो म्हणाला, "बाटली कुठे दिसली तुम्हाला?"

रामदासनं बसमध्ये घोकलेलं सगळं नाहीसं झालं होतं. तो म्हणाला, "दिसली नव्हती जी."

"मग?"

"हात तसा काहून धरला ते समजे ना. मनानंच टाकली. लोकं हासले."

गोपाळकृष्णानं डोळे मिटले. मला वाटलं, आता हा आम्हाला हाकलणार, आणि हाकलायलाच हवं. त्यानं डोळे उघडले आणि थरथरता हात मोठ्या कष्टानं उशीवरून उचलून बहिणीकडे केला.

"तिला सांगा," तो पुटपुटला. "माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. मोठ्यानं सांगा."

रामदास मैनाताईंकडे वळला. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडं होतं, जिन्यात कोणीतरी उभं होतं. त्यानं हात जोडले आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "ताई, बाटली यांच्या खिशात कधीच नव्हती. ते मी टाकली होती, मी!"

मैनाताईंनी एकदा भावाकडे बघितलं आणि भिंतीला धरून खाली बसल्या.