सिरिलची सोपी वाट

सिरिल हेम्ब्रो ज्या वाटेला 'सोपी' म्हणतो, त्या वाटेवर नव्या माणसाने पोटभर जेवून जाऊ नये. हे आमच्या हेझलकम गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. 'जरासा चढ' म्हणाला की गुडघे बोलणार. 'थोडासा चिखल' म्हणाला की बुटांची आशा सोडायची. आणि 'तिथले बैल फार गरीब आहेत' असं म्हणाला, की मी तर सरळ मागे फिरते.

तरी दर बुधवारी सकाळी चर्चच्या फाटकाशी आठ-दहा माणसं जमतातच. चर्चपासून ओढा, ओढ्यावरून टॅपस्कॉटची शेतं, तिथून रान, आणि रानाला वळसा घालून माझ्या 'काळा मेंढा' पबमध्ये जेवायला. बूट दाराशी काढायचे, मोज्यांवर आत यायचं. बुधवारी माझ्या पबला ओल्या लोकरीचा जो वास सुटतो, तो गुरुवारी दुपारपर्यंत जात नाही.

सिरिलने जन्मभर दुधाचा टँकर चालवला. गोठ्यागोठ्यावरून दूध गोळा करायचं आणि डेअरीत पोचवायचं. बसून बसून पाठ धरली म्हणून चालायला लागला तो मग थांबेचना. निवृत्त झाला तशी पंचायतीने गावातल्या वाटांची जबाबदारी त्याच्या गळ्यात घातली. वाट कुणी नांगरली का, काटेरी झुडूप वाढलं का, बाणाची पाटी कुठे पडली, हे सगळं तो बघतो. शेत कुणाचंही असो, त्यातून गेलेली जुनी वाट सगळ्यांची. मालकाने कुंपण घातलं तर ते ओलांडायला लाकडी पायरी ठेवायची, दोन आडव्या फळ्या आणि धरायला एक खांब. अशा पायऱ्यांवर सिरिलचा भारी जीव.

सिरिल पुढे असायचा आणि त्याची बायको ऑलिव्ह सगळ्यात मागे. आम्ही तिला 'शेपूट' म्हणायचो आणि तिला ते आवडायचं. सगळे पुढे गेले की फाटकं लावायचं काम तिचं, नाहीतर टॅपस्कॉटच्या मेंढ्या रस्त्यावर. कुणाला धाप लागली की ती खिशातून पेपरमिंट काढायची, म्हणायची, "थांब जरा, हे फूल बघू दे मला," आणि एखाद्या फालतू गवताकडे बघत उभी राहायची. दमलेल्याची लाज राखायची अशी रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही.

रानाच्या तोंडाशी एक जुनं मुक्याचं फाटक होतं. तसलं फाटक एका अर्धगोल कठड्यात झुलतं, एका वेळी एकच माणूस पार होतो. पुढच्याने ते अडवून धरायचं आणि मागच्याने मुका दिल्याशिवाय सोडायचं नाही. हल्लीची तरणीताठी पोरंही लाजतात. सिरिल मात्र अख्खी पलटण पार होईपर्यंत तिथे उभा राहायचा आणि ऑलिव्ह आली की फाटक धरायचा. ती गालावर मुका द्यायची, कडी लावायला लागेल तेवढ्याच वेळात. मग तो पुन्हा धावत पुढे.

दोन-तीन वर्षांपूर्वी ऑलिव्हच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चालायला हरकत नाही, पण सपाटीवर, असं डॉक्टर म्हणाला. पहिल्याच बुधवारी ती ओढा ओलांडून टॅपस्कॉटच्या उंच पायरीपाशी आली. खांब धरला, पाय उचलला, आणि परत खाली ठेवला. मग हसून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी ग्वेनकडे जाऊन बटाटे सोलते."

ग्वेन म्हणजे मी.

तेव्हापासून दर बुधवारी ऑलिव्ह माझ्या खिडकीतल्या टेबलाशी बटाटे सोलत बसायची. त्या खिडकीतून ती वाट दिसते. माणसं मुंग्यांएवढी होईपर्यंत ती बघायची, मग सुरी उचलायची.

मी एकदा तिला म्हटलं, "अगं, सांग ना त्याला! तिथे फाटक बसवून घे म्हणावं."

"नको. त्याला कळलं तर चालणं सोडून घरी माझं तोंड बघत बसेल. एवढंच एक सुख आहे त्याला."

सिरिलला विचारलं तर तो म्हणाला, "कंटाळली असेल गं ती. एवढी वर्षं माझ्या मागे मागे चिखल तुडवला. आता निवांत बसते तर बसू दे. मी मुद्दामच विषय काढत नाही."

कपाळ माझं! या गावात कुणी कुणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे जणू अंगावर धावून जाणं. पाऊस किती पडला एवढं विचारतात, तेही दोघं एकाच पावसात भिजून आलेले असतात. माझी आई बंदरावर मासे विकायची. आमच्या घरी मनातलं ओठावर यायला वेळ लागत नसे, त्यामुळे मला हे असलं सोवळं कधी जमलं नाही. पण ऑलिव्हने शपथ घातली होती, म्हणून गप्प राहिले.

गेल्या एप्रिलपर्यंत राहिले. त्या बुधवारी सगळी मंडळी मोज्यांवर स्टू खात बसली होती आणि माइल्स टॅपस्कॉट आत आला.

"सिरिल, ओढ्याजवळची पायरी कुजलीय. काल माझाच पाय आत गेला. नवी पायरी ठोकू की फाटक बसवू? मला दोन्ही सारखंच. वाटांचे राजे तुम्ही, सांगाल ते करतो."

खिडकीत ऑलिव्हची सुरी थांबली.

सिरिलने पाव मोडला, रश्श्यात बुडवला. "पायरीच. होती तशीच. माझे आजोबा तिथून चढून गेलेत. फाटकं काय, आळशी माणसांना."

सुरी पुन्हा चालू झाली. ऑलिव्ह खाली मान घालून इतकी पातळ साल काढत होती की मला बघवेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सिरिल हेम्ब्रो, डोक्यात शेण भरलंय का रे तुझ्या?" मी पातेलं आदळलं. "दोन वर्षं ही बाई माझे बटाटे सोलतेय, ती काय बटाट्यांवर प्रेम जडलं म्हणून? त्या मेल्या पायरीवर तिचा पाय चढत नाही! तू लांब गेलास की डोळे फाटेस्तोवर बघत बसते. आणि तू म्हणे आजोबा!"

सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागले. टॅपस्कॉटने टोपी काढली, कुणी मेल्यासारखी.

"ग्वेन," ऑलिव्ह म्हणाली. एवढंच. हात पुसले, ॲप्रनची घडी केली, कोट घातला आणि गेली. सिरिल मोज्यांवरच तिच्या मागे धावला, मग बुटांसाठी परत आला, पण माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

पुढचे दोन बुधवार चर्चपाशी कुणी पुढारी नव्हता. माणसं जमली, आभाळाबद्दल बोलली आणि पांगली. मी स्टूचं भांडं घेऊन हेम्ब्रोंच्या दाराशी गेले. ऑलिव्ह म्हणाली, "आभारी आहे," भांडं घेतलं आणि दार अगदी हळू लावलं. आमच्याकडे दार हळू लागलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे. मला वाईट वाटलं. रडलेसुद्धा. पण बोलले त्याचा पश्चात्ताप नाही झाला, आजही नाही.

मग एका संध्याकाळी टॅपस्कॉट सांगत आला. "सिरिल रानापाशी कुदळ घेऊन खणतायत. ते जुनं फाटक उपटायचंय त्यांना. मी म्हटलं, नवं आणून देतो, तर नको म्हणाले. हेच हवं."

रानाकडचं कुंपण टॅपस्कॉटने कधीच काढून टाकलं होतं. फाटक तिथे एकटंच गवतात उभं होतं, कुणाला न अडवणारं, आणि तरी सिरिल सगळ्यांना त्यातूनच जायला लावायचा. टॅपस्कॉटच्या ट्रॅक्टरने ते ओढ्यापाशी आलं. कुजकी पायरी निघाली आणि तिच्या जागी मुक्याचं फाटक बसलं.

बुधवारी चर्चच्या फळ्यावर सिरिलच्या अक्षरात चिठ्ठी होती: दोन शेतं, सपाट. मी दुपारी पब बंद ठेवला. नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच.

ऑलिव्ह काठी घेऊन आली. कुणी तिला काही विचारलं नाही. पाऊस कमीच झाला यावर मात्र सर्वांचं एकमत झालं. ती आपणहून सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. माझ्याजवळून जाताना तिने माझ्या हातात एक पेपरमिंट ठेवलं. मला माफी मिळाली होती.

ओढ्यापलीकडे सिरिल फाटक धरून उभा. एकेक करून आम्ही सगळे पार झालो. शेवटी ऑलिव्ह आली. त्याने फाटक अडवलं आणि गाल पुढे केला. ती होती तिथेच उभी राहिली.

"आधी विचार."

"काय विचारू?"

"मला पलीकडे यायचंय का, ते विचार."

सिरिलचे कान लाल झाले. आम्ही सगळे झाडावरचे पक्षी बघायला लागलो. झाडावर पक्षी नव्हते.

"ऑलिव्ह," तो खाकरला, "तुला पलीकडे यायचंय का?"

"दोन वर्षं यायचंय, मेल्या!" तिचा आवाज फुटला. "एकदा तरी विचारायचंस."

"मला वाटलं, तुला कंटाळा..."

"तुला वाटलं. आणि मला वाटलं, मी तुझ्या पायात अडकेन. दोघांनीही नुसतं वाटूनच घेतलं."

मुका तिने दिला. गालावर नव्हे, आणि कडी लावण्याइतका घाईचाही नव्हे. मग ती आत आली, वळली, आणि मागचं फाटक नीट बंद झालंय ना ते हलवून पाहिलं.

त्या दिवशी पुढे वाट दाखवायला कोणीच नव्हतं, कारण सिरिल मागे ऑलिव्हबरोबर चालत होता. दोन सपाट शेतांत आम्ही वाट चुकलो. मागून त्याचं सारखं चाललेलं, "दुखतंय का? बसायचं का? काठी इकडे देतेस का?"

"सिरिल, पुरे! आता विचारून विचारून जीव घेशील का माझा?"

मग कुंपणाच्या कोपऱ्यावर, जरा भीत भीतच, त्याने पुन्हा विचारलं, "दुखतंय का गं?"

ऑलिव्ह काठीवर रेलली. मग म्हणाली, "हो. दुखतंय."

तो थांबला. ती थांबली. पुढे आम्ही सगळे थांबलो, आणि कुंपणातल्या एका फालतू गवताकडे बघत उभे राहिलो.